फाटलेला कोपरा: हाती केलेल्या दिवाळी कार्डांची एक खानदेशी गोष्ट

जुन्या पत्राचा एक कोपरा फाटलेला आढळला, तर इतिहासाचा विद्यार्थी काय करतो? ‘पत्र जीर्ण, वरचा उजवा कोपरा खंडित’ अशी नोंद करतो आणि पुढच्या कागदाकडे वळतो. गेल्या दिवाळीत मीही नेमके हेच केले, आणि सपशेल चुकले. हा धागा त्या चुकीविषयी आहे. लांबला आहे, सवडीने वाचावा.

प्रसंग साधा. जळगावच्या आमच्या जुन्या घरात दिवाळीची साफसफाई चालली होती. माळ्यावरून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा खाली आला आणि थेट रद्दीच्या ढिगावर ठेवला गेला. झाकण उघडले तर आत ३७ भेटकार्डे. एकही विकतचे नाही. कुणी पोस्टकार्डावर, कुणी ड्रॉइंग पेपरवर, बरीचशी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर केलेली. त्यांतली बहुतेक माझ्या धाकट्या आजोबांनी, म्हणजे आजोबांच्या सख्ख्या भावाने, धुळ्याहून पाठवलेली होती. ते शाळेत चित्रकला शिकवत. मी त्यांना पाहिलेले नाही.

वर्गात शिकवलेल्या शिस्तीने मी यादी केली: वर्ष, आकार, कागद, मजकूर, स्थिती. १९६८च्या दिवाळीच्या कार्डापुढे ‘कोपरा खंडित’ असे लिहिले. त्या कोपऱ्याशेजारी शाईने काढलेला एक लठ्ठ उंदीर होता आणि खाली पाच शब्द: ‘उंदराने खाल्ला. आम्ही सगळे सुखरूप.’ मला वाटले, कार्ड खरोखरच उंदराने कुरतडले असेल आणि आजोबांनी त्यावर गंमत केली असेल. हसू आले, एवढेच. त्या विनोदाचा अर्थ मला मुळीच कळला नव्हता, हे पुढे दोन महिन्यांनी उमगले.

पण आधी थोडे मागे जाऊ, कारण हा अर्थ टपालाच्या इतिहासाशिवाय लागत नाही.

छापील भेटकार्डाची कथा सामान्यतः १८४३ सालच्या लंडनपासून सांगतात. हेन्री कोल हा उद्योगी सरकारी अधिकारी. नाताळात ओळखीच्यांना पत्रे लिहिता लिहिता हात दुखू लागले, म्हणून त्याने जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतले आणि त्याच्या सुमारे १००० प्रती छापल्या. किंमत एक शिलिंग. त्याआधी तीनच वर्षांपूर्वी, १८४० मध्ये, ब्रिटनमध्ये एका पेनीत पत्र पोचवण्याची व्यवस्था सुरू झाली होती. म्हणजे कार्ड हे त्याच्या टपालखर्चाच्या बारापट महाग. त्या चित्रात मेजवानीला बसलेल्या कुटुंबातील एक लहान मूलही मद्याचा घोट घेताना दिसते, यावरून दारूबंदीवाल्यांनी ओरड केली. पुढे व्हिक्टोरियन काळात नाताळच्या कार्डांवर नाचणारे बेडूक आले, मेलेले पक्षी आले, आज पाहिले तर चक्रावून जावे अशा कल्पना आल्या. त्या काळच्या माणसांना त्यांत गंमत वाटत असणार. भेटकार्डावरचा विनोद किती लवकर नासतो, याचा हा उत्तम पुरावा.

आपल्याकडे १८५४ मध्ये अंतर न मोजता अर्ध्या आण्यात पत्र जाऊ लागले. परंतु सामान्य माणसाच्या हाती टपाल खऱ्या अर्थाने आले ते १ जुलै १८७९ रोजी. त्या दिवशी पाव आण्याचे, म्हणजे एका पैशाचे पोस्टकार्ड निघाले. तोवर आगगाडीची वाट भुसावळच्या पुढे नागपूरपर्यंत झाली होती, आणि मुंबईकडून येणारे टपाल खानदेशात पूर्वीच्या मानाने फारच लवकर पोचू लागले होते. (त्या वेळी खानदेश हा एकच जिल्हा होता. १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्वेचे ठाणे जळगाव, पश्चिमेचे धुळे. जळगावचा थोरला आणि धुळ्याचा धाकटा या आमच्या घरच्या वाटणीला त्यामुळे उगीचच प्रशासकीय भारदस्तपणा येतो.)

पोस्टकार्डाची एक गोष्ट आपण आज विसरलो आहोत: ते उघडे असते. पोस्टमन वाचतो, दुकानदार वाचतो, ओसरीवर बसलेला शेजारी वाचतो. ज्या घरात कुणालाच अक्षरओळख नसे, तिथे तर पोस्टमननेच वाचून दाखवायचे. त्यामुळे अक्षराच्या आधी कळणारी एक खूणभाषा मराठी मुलखात रुळली. पत्राच्या कोपऱ्यांना हळद-कुंकू लागलेले असेल, तर मंगल वार्ता, बहुधा लग्न. पत्राचा कोपरा फाडलेला असेल, तर मृत्यू. असे पत्र पुष्कळ घरांत उंबऱ्याच्या आत नेतही नसत. बाहेरच वाचायचे, बाहेरच फाडायचे आणि अंघोळीला जायचे. ही भाषा शिकायला शाळा लागत नव्हती.

आता ते १९६८चे कार्ड पुन्हा पाहा.

कोपरा उंदराने खाल्लेला नव्हता. तो आजोबांनी हाताने फाडला होता. दिवाळीच्या दिवसांत, थोरल्या भावाच्या घरी, अशुभ वार्तेची खूण असलेले पत्र पाठवायचे. वाचणाऱ्याच्या काळजात क्षणभर धस्स व्हावे, आणि लगेच नजर उंदरावर जाऊन हसू फुटावे, असा तो डाव. विनोद म्हणून मला तो आजही पहिल्या प्रतीचा वाटतो. माणूस म्हणून थोडा क्रूर.

पुढे काय झाले ते शेवटी सांगते. कारण मधल्या काळात मी त्या डब्यातली बाकीची कार्डे वाचत होते आणि एक विलक्षण गोष्ट ध्यानात आली होती. मजकूर जवळपास प्रत्येक कार्डावर पाचच शब्दांचा. सहा नाहीत, चार नाहीत. हे काय गौडबंगाल?

उत्तर टपालाच्या नियमांत सापडले. छापील मजकूर कमी दरात पाठवण्याची सोय जगभर होती. आपण तिला ‘बुक पोस्ट’ म्हणतो. पाकीट चिकटवायचे नाही, झडप नुसती आत खोचायची, म्हणजे टपालवाल्याला उघडून पाहता येते. भेटकार्डेही अशीच जात. पण आत कुणी सबंध पत्र लिहू लागला, तर टपाल खात्याचे नुकसान. म्हणून जागतिक टपाल संघटनेच्या नियमांत अट होती: छापील भेटकार्डावर हाताने शुभेच्छा, अभिनंदन वा सौजन्याचे शब्द लिहायचे ते जास्तीत जास्त पाच. भारत या संघटनेत १८७६ पासून आहे. आजोबांची कार्डे छापील नव्हती, तेव्हा ही सवलत काही त्यांच्यासाठी नव्हे. तरीही त्यांनी तो पाच शब्दांचा नियम आपल्यापुरता खेळासारखा उचलला होता. ओवीचा चौथा चरण जसा आखूड असतो, तशी ही त्यांची वृत्तरचना. जे पाचांत मावत नाही ते चित्राने सांगायचे. चित्राला शब्दांची मोजदाद लागू नाही.

या पाच शब्दांचा खरा टोला एका दुसऱ्या सरकारी सोयीला बसलेला आहे. तारखात्याकडे सणासुदीच्या शुभेच्छांची तयार वाक्ये असत आणि प्रत्येकाला क्रमांक. आपण फक्त आकडा सांगायचा. पलीकडे पूर्ण वाक्य उमटे. १ म्हणजे दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा. ८ म्हणजे दीर्घ आणि सुखी वैवाहिक जीवनाची सदिच्छा. यात काटकसर होती, वेग होता, आणि कोट्यवधी माणसांच्या भावना मोजक्या आकड्यांच्या चौकटीत बसवण्याची एक निर्विकार शिस्तही होती. तारसेवा १४ जुलै २०१३ रोजी बंद झाली, तेव्हा तिच्याविषयी पुष्कळ हळवे लेखन झाले. आकड्यांच्या शुभेच्छांविषयी मात्र कुणी फारसे हळवे झाले नाही.

डब्यातल्या १९७४च्या कार्डावर फक्त ‘१’ हा आकडा आहे. भलामोठा. त्याच्या शेपटातून फुलबाजीसारख्या ठिणग्या उडताहेत. उघडले की आत: ‘तारेचे पैसे वाचले. करंज्या वाढवा.’

हे विनोद कुठून आले, हा मला पडलेला पुढचा प्रश्न. आजोबांनी व्हिक्टोरियन कार्डे पाहिली असण्याचे कारण नाही. मला वाटते, या कार्डांची घडण खानदेशच्या सणांतच आहे, आणि हे मी केवळ प्रादेशिक अभिमानापोटी म्हणत नाही.

भुलाबाई पाहा. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत महिनाभर जळगावकडच्या मुली संध्याकाळी घरोघरी भुलाबाईची गाणी म्हणतात, टिपऱ्या वाजवतात. गाण्यांत सासू, दीर, नणंद यांची यथेच्छ थट्टा. आणि सर्वांत शेवटी खाऊ. पण तो असा मिळत नाही. झाकलेला डबा समोर येतो; हलवून दाखवला जातो; आतून आवाज येतो किंवा येत नाही; गोड की तिखट, कोरडा की ओला, असे विचारत मुलींनी तो ओळखायचा. मग झाकण उघडते आणि एकच कल्लोळ. आता घडीचे भेटकार्ड घ्या. बाहेर एक अर्धवट चित्र, मनात तर्क, मग घडी उघडायची. दोहोंची रचना एकच. कोजागरीनंतर पंधरवड्याने दिवाळी येते. खाऊ ओळखणारी तीच पोरे कार्डे करायला बसत, तेव्हा त्यांना झाकण आणि आतला खाऊ यांचे नाते शिकवावे लागत नव्हते.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या मुली झोके घेतात, गौराईची गाणी गातात, आणि विसर्जनाच्या वेळी समोरासमोर आलेले गट एकमेकींना गाण्यांतून मनसोक्त चिडवतात. सणाच्या दिवशी जवळच्या माणसाला टोचून बोलण्याची इथे मुभाच असते. शुभेच्छा गोडच असल्या पाहिजेत हा दंडक संक्रांतीचा. त्यातही ‘गोड बोला’ अशी दरवर्षी विनंती करावी लागते, यात केवढी कबुली आहे! संक्रांतीच्या कार्डांसोबत पाकिटात चिमूटभर हलवा घालून पाठवण्याची चाल महाराष्ट्रभर होती. शिक्का मारणाऱ्याच्या हातोडीखाली तो भरडून निघे. डब्यात एका संक्रांतीच्या कार्डाला आतून साखरेचा पिवळा पडलेला लेप आहे आणि वर पाच शब्द: ‘पाठवला तेव्हा तिळगूळ अख्खा होता.’

तोंडी विनोद कागदावर उतरायला मात्र हाताला कागदाची सवय हवी. इथे अमळनेरचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. १९२४ ते १९३० या काळात पांडुरंग सदाशिव साने तिथल्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि छात्रालयही सांभाळत. छात्रालयातल्या मुलांसाठी ते एक दैनिक काढत, हाताने लिहून. हस्तलिखित दैनिक! सकाळी मुले उठली की वाचायला तयार. पुढे १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत, ती प्रवचने ज्यांच्या भराभर चालणाऱ्या हाताने टिपली गेली, ते हेच साने गुरुजी. भेटकार्डांशी याचा थेट संबंध नाही. मुद्दा सवयीचा आहे. छापखाना दूर असला तरी आपल्या चार माणसांसाठी आपण हाताने काही सजवून लिहावे, त्यात कमीपणा नाही, ही समजूत शाळाशाळांतल्या हस्तलिखितांनी या भागात रुजवली. आजोबा जिथे शिकवत त्या शाळेतही वर्षाला एक हस्तलिखित निघे, आणि उरलेले कागद दिवाळीला घरी येत.

कागद, रंग, युक्त्या. हा भाग मला फार प्रिय आहे, त्यामुळे थोडा रेंगाळते.

लग्नपत्रिकेचा कागद जाड आणि एका बाजूने कोरा. उन्हाळ्यात घरी आलेल्या पत्रिका म्हणूनच जपून ठेवल्या जात. कापताना कधी चूक झाली, तर वधूपित्याचे अर्धे नाव मागच्या बाजूला राहून जाई. पिंपळाचे पान पाण्यात पंधरा-वीस दिवस कुजवले की मधला गर निघून नुसती जाळी उरते. ती चिकटवून वर चित्र. भेंडी आडवी कापून रंगात बुडवली की पाच पाकळ्यांचे फूल उमटते. दोरा शाईत भिजवून घडीच्या कागदात ठेवायचा, वरून पुस्तकाचे वजन आणि मग दोरा सर्रकन ओढायचा. दोन्ही बाजूंना सारखीच वेलबुट्टी. जुना टूथब्रश फणीवर घासला की रंगाचे तुषार उडतात. कागदावर आधी पान ठेवले असेल, तर पानाची पांढरी सावली राहते. हे सारे करण्यात भिंतही रंगते आणि मार बसतो, असे बाबा सांगतात.

यात गरिबीचे कौतुक नाही, पण अभावातून काही आकार घडतात हे खरे. युनिसेफच्या प्रसिद्ध भेटकार्डांची सुरुवात १९४९ मध्ये झाली ती चेकोस्लोव्हाकियातल्या यित्का सामकोव्हा या सात वर्षांच्या मुलीने आभारादाखल काढलेल्या चित्रापासून. युद्धानंतरच्या त्या गावात कागद मिळेना, म्हणून तिने ते काचेवर रंगवले होते.

आमच्या घरची मुले चित्रांसाठी दिवाळी अंकांवर डल्ला मारत. १९०९ मध्ये का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दिवाळी आणि छापील कागद यांची सांगड बसली होती. पण विनोद शब्दांवाचून चित्रातच असू शकतो, हे माझ्या वडिलांच्या पिढीला शिकवले ते शि. द. फडणीस यांच्या ‘मोहिनी’वरच्या मुखपृष्ठांनी. कार्बन पेपर घालून त्या आकृत्या उतरवायच्या आणि चेहरे बदलायचे: एकाला काकांच्या मिशा, दुसऱ्याला मामींचा चश्मा. आज आपण मीम करतो ती हीच रीत, फक्त हातांना निळा रंग लागत असे.

या मुलांनी केलेल्या कार्डांतले एक डब्यात परत आलेले आहे. पुण्याच्या नातेवाइकांना ते १९७८ मध्ये पाठवले होते: ‘फरायाले या. येतांना साखर आणा.’ ज्यांना आमच्याकडची बोली परिचित नाही त्यांच्यासाठी: आमच्या बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो. केळी नव्हे केयी, डोळा नव्हे डोया, दिवाळी नव्हे दिवाई. मुलांनी हे मुद्दाम केले होते. साखरेची रेशनची रांग आणि बोली, दोन्ही त्या विनोदात हवी होती. पुण्याहून कार्ड जसेच्या तसे परत आले. ‘फरायाले’ खोडून ‘फराळाला’, ‘येतांना’ खोडून ‘येताना’, खाली लाल शाईने ‘१० पैकी ६. शुद्धलेखन सुधारा.’ पाठवणाऱ्यानेही ही थट्टाच केली असेल. बाबा मात्र आजही त्या लाल शाईविषयी बोलताना हसत नाहीत.

पुढच्या वर्षी जळगावहून पुण्याला जे कार्ड गेले ते मी पाहिलेले नाही, पण घरात ते सर्वांना तोंडपाठ आहे. पाकिटात कागदातून कापलेली वीस-पंचवीस सुटी ‘ळ’ अक्षरे आणि एक चिठ्ठी: ‘ळ पाठवले आहेत. लावून घ्या.’

कार्डावरच्या विनोदाचा माणूस ठरलेला असतो, असे मला या टप्प्यावर पक्के वाटू लागले होते. याला एक सुंदर अपवाद पुण्यातच घडला. व्यंगचित्रकार मंगेश तेंडुलकर दिवाळीत नळ स्टॉपच्या चौकात उभे राहून स्वतःच्या चित्रांची भेटकार्डे वाहनचालकांना वाटत. वाहतुकीचे नियम पाळा, एवढेच सांगायचे, पण हसवून. जुलै २०१७ मध्ये ते गेले. अनोळखी माणसाला हसवणारे भेटकार्ड करायचे तर सर्वांना ठाऊक असलेला विषय हवा; पुण्यात तो वाहतूक सोडून दुसरा कोणता असणार?

तयार कार्डांच्या बाजाराविषयी थोडक्यात आटोपते, कारण ती कथा सर्वांच्या परिचयाची आहे. आर्चीजची स्थापना १९७९ची. पुढच्या दोन दशकांत चकाकती कार्डे तालुक्याच्या गावीही दोरीला चिमट्यांनी टांगलेली दिसू लागली. आमच्या डब्यातले शेवटचे कार्ड १९९३चे आहे. त्यानंतर धाकटे आजोबा गेले आणि फोन आला, दोन्ही एकाच वर्षी.

आता मूळ कार्डाकडे.

यादी घेऊन मी जानेवारीत धुळ्याला गेले. एरंडोल, पारोळा करत एस.टी.ने. निमित्त अभ्यासाचे होते: राजवाडे संशोधन मंडळात काही कागद पाहायचे होते. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला आणि पुढे एकूण २२ खंड छापून झाले. लोकांच्या माळ्यांवरचे, वाळवीच्या तोंडचे कागद मिळवण्यासाठी हा माणूस आयुष्यभर गावोगाव फिरला. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच त्यांचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या संग्रहासाठी हे मंडळ उभे राहिले. त्या इमारतीतून बाहेर पडताना पिशवीतला बिस्किटांचा डबा मला एकाच वेळी हास्यास्पद आणि जड वाटत होता. आमच्या घरचे माळेही तेच, आणि रद्दीवालाही तोच.

संध्याकाळी आत्याकडे गेले. ती धाकट्या आजोबांची मुलगी, वय ७४. कार्डे एकेक करून हातात दिली. बऱ्याच कार्डांवर ती नुसतीच खुदकन हसायची आणि मला काही सांगायची नाही. १९६८चे उंदराचे कार्ड दिले, तेव्हा हसली नाही.

‘हे अजून ठेवलंय का?’ एवढेच म्हणाली.

ते कार्ड जळगावला पोचले तेव्हा घरात फक्त माझी पणजी होती, आजोबांची आई. पोस्टमनने कार्ड ओसरीवर टाकले आणि तो पुढे गेला. पणजीला अक्षरओळख नव्हती. उंदीर तिने पाहिला की नाही, कोण जाणे. तिने कोपरा पाहिला. पत्र धुळ्याचे आहे हे तिला चित्रांवरून कळत असे. धुळ्याला तिचा धाकटा मुलगा, सून आणि नातवंडे. शाळेतून थोरला मुलगा घरी येईपर्यंत दोन-अडीच तास ती अंगणात बसून होती. घरात पाऊल टाकले नाही. चूल पेटवली नाही. आजोबा आले, त्यांनी मोठ्याने वाचून दाखवले, उंदीर दाखवला. त्यांना हसू आवरेना, आणि तिला रडू.

आत्या म्हणाली, ‘तिले वाचाले येत नव्हतं ना. तिले एक कोपराच वाचता येत होता.’

धाकट्या आजोबांना भावाचे खरमरीत पत्र गेले. त्यानंतर वर्षभर धुळ्याहून एकही कार्ड आले नाही. माझ्या यादीत १९६९च्या संक्रांतीची जागा रिकामी आहे, ती का, हे मला तेव्हा कळले. मग १९६९ची दिवाळी आली.

ते कार्ड मी यादीत असे नोंदवले होते: ‘मजकूर नाही. चारही कोपऱ्यांवर पिवळे-तांबडे डाग. कडा काळवंडलेल्या. तेलाचे डाग. स्थिती वाईट.’

आत्याने ते हातात घेतले आणि डाग वाचून दाखवले. चारही कोपऱ्यांना भरभक्कम हळद-कुंकू. जणू लग्नपत्रिकाच, पोस्टमनने ओसरीवर येऊन विचारले होते, ‘माय, कोनाचं लगन?’ मधोमध रांगेत उभी असलेली माणसे, एकही शब्द नाही. धाकटे आजोबा त्यांच्या लांब नाकावरून ओळखू येतात, आजी डोक्यावरच्या पदरावरून, आत्या दोन वेण्यांवरून, तान्हे बाळ झबल्यावरून. अकरा माणसे. धुळ्याच्या घरातली झाडून सगळी. आणि रांगेच्या टोकाला, कपाळाला गंध लावलेला, हात जोडून उभा असलेला तोच लठ्ठ उंदीर.

पणजीने ते कार्ड देवघरात, देवांच्या तसबिरीमागे ठेवले होते. तेलाचे डाग निरांजनाचे. कडा बोटांनी काळवंडल्या, कारण ती रोज सकाळी दिवा लावला की कार्ड काढायची आणि चित्रातल्या एकेकावर बोट ठेवून माणसे मोजायची.

‘अकरा?’ मी विचारले.

‘बारा,’ आत्या म्हणाली. ‘उंदराले बी मोजे ती.’